चित्रमय बालपुस्तकाची निर्मितिप्रक्रिया : शब्द, चित्र आणि पान यांचा संयोग

प्रस्तावना

मराठी बालसाहित्याचा विचार महाविद्यालयीन पातळीवर होतो तेव्हा तो बहुतांशी कथा, कविता, नाट्य आणि कादंबरी या वाङ्मयप्रकारांच्या अंगाने होतो. कथानक, व्यक्तिचित्रण, भाषाशैली आणि संस्कारमूल्य या निकषांवर पुस्तकाची चर्चा केली जाते. पुस्तकातील चित्रांचा उल्लेख आलाच तर ‘आकर्षक सजावट’ अशा एखाद्या वाक्यात तो उरकला जातो. तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी असलेल्या पुस्तकांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. ज्या वाचकाला अक्षरओळख झालेली नाही किंवा नुकतीच होत आहे, तो वाचक चित्रातूनच पुस्तकात प्रवेश करतो. त्याच्या दृष्टीने चित्र हाच पहिला मजकूर असतो.

हे लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात चित्रमय बालपुस्तक कसे घडते, याचे टप्प्याटप्प्याने विवेचन केले आहे. अशा पुस्तकाची संहिता हेतुतः अपूर्ण ठेवलेली असते, शब्द, चित्र आणि पान उलटण्याची क्रिया या तिहींच्या संयोगातून ती पूर्णत्वास जाते आणि म्हणूनच केवळ शब्दांच्या आधारे तिचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

‘सचित्र पुस्तक’ आणि ‘चित्रपुस्तक’ या दोन संज्ञा मराठीत बऱ्याचदा समानार्थी वापरल्या जातात. परंतु त्यांत भेद करणे उपयुक्त ठरते. सचित्र पुस्तकात कथा शब्दांत पूर्ण झालेली असते व चित्रे तिला साथ देतात. चित्रे काढून टाकली तरी कथा समजते. चित्रपुस्तकात मात्र शब्द आणि चित्र यांपैकी कोणतेही एक वगळल्यास कथाच लुप्त होते किंवा निराळी होते.

पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ हे १९६८ सालचे इंग्रजी पुस्तक या भेदाचे उत्तम उदाहरण होय. त्याची संपूर्ण संहिता अवघ्या ३२ शब्दांची आहे. एक कोंबडी फेरफटका मारून वेळेवर घरी परतते, एवढेच शब्द सांगतात. चित्रांत मात्र तिच्या मागावर असलेला एक कोल्हा दिसतो. तो दर वेळी झडप घालू पाहतो आणि दर वेळी त्याची फजिती होते. कोल्ह्याचा उल्लेख संहितेत एकदाही येत नाही. कोंबडीला ठाऊक नसलेली आणि निवेदकानेही न सांगितलेली गोष्ट बालवाचकाला दिसते. अक्षरे न वाचता येणारे मूल येथे मोठ्या माणसाच्या वाचनाला पुरून उरते. या पुस्तकाची केवळ संहिता टंकलिखित करून परीक्षणासाठी पाठविली, तर त्यात काहीच घडत नाही असा अभिप्राय कोणीही समीक्षक देईल.

या परस्परसंबंधाची शास्त्रशुद्ध चर्चा पेरी नोडेलमन यांनी १९८८ मध्ये ‘वर्ड्स अबाउट पिक्चर्स’ या ग्रंथात केली. पुढे मारिया निकोलायेवा व कॅरोल स्कॉट यांनी २००१ मध्ये ‘हाउ पिक्चरबुक्स वर्क’ या ग्रंथात शब्द-चित्र संबंधांचे प्रकार मांडले. चित्र शब्दांची पुनरुक्ती करू शकते, त्यात भर घालू शकते किंवा त्यांच्या विरोधात उभे राहू शकते. निर्मितिप्रक्रियेतील बहुतेक निर्णय, यांपैकी कोणता संबंध कोठे ठेवायचा, या एका प्रश्नाभोवती फिरतात.

बीज

चित्रपुस्तकाचे बीज कोठूनही येऊ शकते. बिआट्रिक्स पॉटर यांच्या ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ या पुस्तकाचा उगम एका पत्रात आहे. ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिले. काय लिहावे ते न सुचल्याने त्यात त्यांनी सशांची गोष्ट सांगितली. पुढे ते पत्र परत मागवून त्यांनी त्याचे पुस्तक तयार केले. अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने त्याच्या २५० प्रती छापल्या. त्यानंतर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने त्याची रंगीत आवृत्ती काढली. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढे छोटे आणि कमी किमतीचे असावे, हा पॉटर यांचा आग्रह होता. प्रकाशकाने चित्रे रंगीत असावीत अशी अट घातली आणि त्यासाठी चित्रांची संख्या कमी करण्यात आली. पुस्तकाचा आकार, किंमत आणि चित्रसंख्या हे व्यावहारिक वाटणारे प्रश्न निर्मितीचा अंगभूत भाग असतात, हे यावरून दिसते.

एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या पुस्तकाचे बीज तर कागदाला भोके पाडण्याच्या यंत्रात आहे. भोक पडलेल्या कागदांची चळत पाहून त्यांना पुस्तक कुरतडणाऱ्या किड्याची कल्पना सुचली. संपादिका ॲन बेनेड्यूस यांनी किड्याऐवजी सुरवंट सुचविला आणि त्याबरोबर कथेला शेवटही मिळाला; कारण सुरवंटाचे फुलपाखरू होते. कमी-अधिक रुंदीची व भोके असलेली पाने अमेरिकेत परवडेल अशा खर्चात छापणे अवघड होते, म्हणून ते पुस्तक जपानमध्ये छापण्यात आले. येथे कल्पना, संपादन आणि मुद्रण यांच्या सीमारेषा पुसल्या गेलेल्या दिसतात.

क्वचित चित्र आधी येते व शब्द नंतर. चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये प्रकाशित केलेले ‘द लंडन जंगल बुक’ हे मध्य प्रदेशातील गोंड चित्रकार भज्जू श्याम यांच्या लंडनमधील वास्तव्यावर आधारित आहे. त्यांनी चित्रे काढली व त्यांच्या तोंडून ऐकलेल्या अनुभवांवरून मजकूर सिद्ध झाला. लेखक लिहितो आणि चित्रकार त्याला चित्रे पुरवितो, हा क्रम रूढ असला तरी अपरिहार्य नाही.

संहिता : वगळण्याची कला

चित्रपुस्तकाची संहिता लिहिणे म्हणजे मुख्यतः वगळणे होय. हे स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. पुढील वाक्य एखाद्या कथेच्या आरंभी शोभून दिसेल : ‘एके दिवशी सकाळी लाल झगा घातलेली सुमी, हातात भाकरीचे फडके घेऊन, चिखलाने भरलेल्या पायवाटेने शाळेला निघाली.’ वाक्यात दोष नाही. तथापि झग्याचा रंग, फडके, सकाळ, चिखल आणि पायवाट हे सर्व चित्रात दिसणारच आहे. म्हणून चित्रपुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सुमी शाळेला निघाली’ एवढेच शब्द पुरेसे होतात.

यामुळे जागा वाचते, पण लाभ तेवढाच नाही. मोकळ्या झालेल्या जागेत चित्राला स्वतःचे काही सांगता येते. समजा, सुमीच्या मागे एक करडू चालू लागले आहे आणि ते हळूहळू फडक्याचे टोक ओढत आहे. संहितेत करडाचे नाव नाही. ‘सुमी ओढ्याशी आली’, ‘सुमी वडाखाली थांबली’ अशी साधी वाक्ये येत राहतात. अखेरीस ‘सुमीने फडके सोडले. भाकरी कुठे गेली?’ असा प्रश्न येतो. सुमीला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर वाचणाऱ्या मुलाला आधीच ठाऊक असते. तेच मूल सुमीला उत्तर सांगू लागते. शब्दांनी मुद्दाम सोडलेली जागा वाचकाने भरून काढली, की वाचन ही त्याची स्वतःची कृती बनते.

मात्र काय वगळायचे याला मर्यादा आहे. चित्राला ज्या गोष्टी सहज दाखविता येत नाहीत त्या शब्दांनीच सांगाव्या लागतात. नाव, नाते, ‘काल’ आणि ‘उद्या’, आवाज, वास, मनातला विचार, ‘नाही’ हा नकार या बाबी चित्राच्या आवाक्याबाहेरच्या वा अवघड असतात. ‘आज करडू आले नाही’ हे वाक्य चित्रात सांगणे कठीण. परंतु करडाचे ओले अंग चित्र क्षणात सांगते. प्रत्येक माध्यमाकडे त्याला झेपणारे काम सोपविणे, हे संहितालेखनाचे सूत्र म्हणता येईल.

शिवाय ही संहिता मोठ्याने वाचली जाणार असते. आई, आजी किंवा शिक्षक ती पुनःपुन्हा वाचणार, म्हणून तिची लय जिभेला सुखद असावी लागते. पुनरावृत्ती ही प्रौढ साहित्यात दोष ठरू शकते. येथे ती मुलाला पुढचे वाक्य ओळखण्याचा आनंद देते. मराठीतील ओव्या, बडबडगीते आणि कहाण्या यांत ही लय पूर्वापार आहे.

पानांची आखणी आणि डमी

कथेची लांबी पुस्तकाच्या शरीररचनेने ठरते. छपाईचा मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की १६ पानांचा एक फॉर्म तयार होतो. म्हणून पुस्तके साधारणतः ८ किंवा १६ च्या पटीत पाने असलेली असतात. पाश्चात्त्य चित्रपुस्तकांत ३२ पानांचा प्रघात आहे. मराठीत मधोमध पिना मारलेली १६ किंवा २४ पानांची पुस्तकेही विपुल आढळतात. १६ पानी पुस्तकात शीर्षकपान व श्रेयपान वगळले, तर समोरासमोरची सहा जोडपाने आणि आरंभी व अखेरीस एकेक सुटे पान एवढीच जागा कथेसाठी उरते. सुमीची संपूर्ण सकाळ या आठ जागांत बसवावी लागते.

ही आखणी करण्यासाठी प्रथम सर्व पाने छोट्या चौकटींच्या रूपात एकाच कागदावर काढली जातात. एका दृष्टिक्षेपात संपूर्ण पुस्तक दिसावे हा तिचा उद्देश असतो. कोणते दृश्य दुरून दाखवायचे, कोणते जवळून, कोठे दोन्ही पाने व्यापणारे चित्र द्यायचे आणि कोठे पांढरी जागा सोडायची, हे येथे ठरते. सलग तीन जोडपानांवर एकाच अंतरावरून दृश्ये आली तर पुस्तक कंटाळवाणे होते. त्यानंतर साधे कागद दुमडून व टाचून मूळ आकाराची ‘डमी’ तयार केली जाते. तीत कच्ची रेखाटने व मजकूर चिकटविला जातो. चौकटींच्या आराखड्यात न कळलेल्या चुका डमी हातात घेऊन पाने उलटताना लक्षात येतात.

पान उलटणे हा चित्रपुस्तकातील महत्त्वाचा नाट्यबिंदू होय. उजव्या पानावर प्रश्न किंवा अपेक्षा निर्माण करावी आणि पान उलटल्यावर तिचे उत्तर मिळावे, अशी योजना केली जाते. ‘भाकरी कुठे गेली?’ हा प्रश्न आणि भाकरी खाऊन तृप्त झालेले करडू एकाच जोडपानावर आले तर विनोदाचा बिंदू हातचा जातो. त्याचप्रमाणे देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जात असल्याने उजवीकडे जाणारी आकृती पुढे चालली आहे असे वाटते, तर डावीकडे वळलेली आकृती परतत आहे किंवा अडली आहे असा भास होतो. शाळेला जाणारी सुमी उजवीकडे तोंड करून चालेल. तिच्या मागचे करडू डाव्या कडेकडून आत येईल.

मॉरिस सेंडॅक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ सालचे पुस्तक पानांच्या रचनेचा वस्तुपाठ मानले जाते. त्याची पहिली डमी १९५५ ची असून तिचा विषय रानटी घोडे हा होता. घोडे मनासारखे काढता येत नाहीत असे जाणवल्याने सेंडॅक यांनी घोड्यांच्या जागी काल्पनिक प्राणी आणले. अंतिम संहिता सुमारे ३३८ शब्दांची आहे. आरंभी चित्र लहान असून भोवती रुंद पांढरा समास आहे. रागावलेल्या मॅक्सची कल्पना जसजशी विस्तारते तसतसे चित्र मोठे होत जाते, समास गिळून टाकते व शेजारच्या पानावर पसरते. धुमाकुळाच्या तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. मॅक्सला घराची ओढ लागल्यावर चित्र पुन्हा आक्रसू लागते आणि अखेरच्या पानावर चित्रच उरत नाही. केवळ काही शब्द राहतात. मुलाचा राग वाढणे आणि ओसरणे ही या पुस्तकातील खरी घटना असून ती चित्रांच्या आकारमानातून व्यक्त झाली आहे. एका कल्पनेला डमीपासून प्रकाशनापर्यंत आठ वर्षे लागली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

चित्रकाराचे काम

डमी निश्चित झाल्यावर पात्रांचे अभ्यासचित्रण सुरू होते. सुमी समोरून, पाठमोरी, वाकलेली, रुसलेली, धावताना कशी दिसेल हे आधी ठरविले जाते. कारण प्रत्येक पानावर ती तीच मुलगी आहे याची मुलाला खात्री पटावी लागते. तिच्या झग्याच्या खिशाची बाजू बदलली तर मुले ती चूक लगेच दाखवितात. चित्र न्याहाळण्याच्या बाबतीत बालवाचक हा अत्यंत काटेकोर वाचक असतो.

यानंतर स्थळाचा प्रश्न येतो. ‘गाव’ असा एक शब्द लेखकाला पुरतो. चित्रकाराला मात्र विशिष्ट गावच काढावे लागते. चिऱ्याची भिंत आणि उतरती कौले काढली की गाव कोकणातले होते. मातीच्या सपाट छपराचे धाब्याचे घर काढले की ते मराठवाड्यातले होते. चूल, हंडा, झाड, अंगणातील पक्षी यांपैकी काहीही तटस्थ नसते. चित्रकार निरीक्षण न करता ठरावीक साच्यातील झोपडी, डोंगर आणि सूर्य काढतो, तेव्हा पुस्तक कोणत्याच मुलाच्या गावाचे राहत नाही. पात्राचा वर्ण, वेश, घरातील कामांची स्त्री-पुरुषांत झालेली वाटणी हेदेखील चित्रच ठरविते. संहितेत समतेचा पुरस्कार आणि चित्रात मात्र स्वयंपाकघरात केवळ आई, अशी विसंगती केवळ शब्द वाचणाऱ्या समीक्षकाच्या नजरेतून सुटते.

माध्यमाची निवड हाही अर्थनिर्णयच असतो. जलरंगाचा ओलावा, चिकटचित्रातील कागदाचा पोत, लिनोच्या ठशातील ठाम रेषा यांतून वेगवेगळी भावस्थिती निर्माण होते. लोककला व आदिवासी कला यांचा वापर करताना तर तिच्या मूळ व्याकरणाचा विचार करावा लागतो. वारली चित्रात वर्तुळ, त्रिकोण व रेषा यांतून मानवाकृती उभी राहते. तीत चेहऱ्यावरील हावभाव नसतात. देहाच्या हालचालीतून सर्व काही सांगितले जाते. तारा बुक्सच्या ‘डू!’ या पुस्तकात गीता वुल्फ आणि वारली कलाकार रमेश हेंगडी व त्यांचे सहकारी यांनी हे वैशिष्ट्य ओळखून क्रियापदे हाच विषय निवडला. याउलट हावभावप्रधान कथेच्या कडेने वारली आकृत्यांची नक्षी काढली तर ती केवळ वेलबुट्टी ठरते.

चित्रांमुळे मुलाच्या कल्पनाशक्तीला मर्यादा पडतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. शब्दांनी सांगितलेलेच जसेच्या तसे दाखविणारे चित्र मुलासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही. पण हा दोष पुनरुक्तीचा आहे, चित्राचा नव्हे. करडाची कथा पाहणारे मूल दोन वेगळ्या माहितीस्रोतांची सांगड घालते, अंदाज बांधते आणि पडताळून पाहते. हे काम कल्पनाशक्तीवाचून होत नाही.

अक्षरे, रंग आणि मुद्रण

अक्षरजुळणीकडे मराठी पुस्तकांत अनेकदा शेवटी लक्ष दिले जाते. वास्तविक नवशिक्या वाचकासाठी ती निर्णायक ठरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार असतो आणि खाली उकार व काही जोडाक्षरांचे पाय असतात. रोमन लिपीइतके कमी अंतर दोन ओळींत ठेवले तर ही चिन्हे एकमेकांत अडकतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडणे टाळावे लागते आणि ओळही अर्थपूर्ण ठिकाणी थांबवावी लागते. शाळेत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ गिरविणाऱ्या मुलाला पुस्तकात हिंदी वळणाची अक्षरे भेटली तर ते अडखळते. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय घेतला. तरी संगणकावरील अक्षरवळण निवडताना ही दक्षता निर्मात्यालाच घ्यावी लागते.

मजकुराची जागा डमीतच राखून ठेवणे आवश्यक असते. तसे न केल्यास पूर्ण झालेल्या चित्रावर, झाडाच्या पानापानांत किंवा आकाशाच्या गडद भागावर अक्षरे बसविण्याची वेळ येते. तसेच जोडपानाच्या मधल्या घडीत पात्राचा चेहरा येऊ नये आणि कापणीसाठी चित्र चारही कडांना सुमारे ३ मिलिमीटर जादा असावे, ही पथ्ये चित्रकाराने आरंभापासून पाळायची असतात. संगणकाच्या पडद्यावरील रंग प्रकाशाचे असतात. छपाईत ते निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईंतून उमटतात, त्यामुळे पडद्यावरचा तेजस्वी हिरवा कागदावर मंदावतो. बहुभाषी आवृत्त्या काढायच्या असतील तर मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवतात. मग प्रत्येक भाषेसाठी फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलावी लागते व उरलेल्या तीन तशाच वापरता येतात. रंगीत चित्रांचा खर्च अनेक भाषांत वाटून घेण्याची ही युक्ती भारतासारख्या देशात मोलाची आहे.

मुद्रणाकडे निर्मितीचा भाग म्हणून पाहण्याची परंपरा भारतात जुनी आहे. बंगालीतील लेखक-चित्रकार उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांना आपल्या बालपुस्तकातील चित्रे लाकडी ठशांतून समाधानकारक उमटत नाहीत असे आढळले. त्यांनी इंग्लंडहून साहित्य मागवून हाफटोन ब्लॉक बनविण्याचे तंत्र आत्मसात केले, त्यावर संशोधन केले आणि १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनीही इंग्लंडमध्ये मुद्रणविद्येचा अभ्यास केला. त्यांच्याच चित्रांनी नटलेला ‘आबोल ताबोल’ हा संग्रह १९२३ मध्ये त्यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत प्रसिद्ध झाला.

मराठीतील स्थिती

मराठीत लेखन व चित्र या दोन्ही अंगांनी चित्रपुस्तकाचा विचार करणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचे चित्रकलेचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात व पुढे पॅरिस येथे झाले. ‘राधाचं घर’ या पुस्तकसंचात राधा नावाच्या लहान मुलीचे कुटुंब आणि तिचा दिनक्रम येतो. त्यातील घर मराठी मध्यमवर्गीय मुलाला ओळखीचे वाटावे असे आहे; कारण त्यातील वस्तू, बसण्या-उठण्याच्या लकबी व पसारा निरीक्षणातून आलेला आहे. ‘चित्रवाचन’ या पुस्तकात तर चित्र हेच वाचनाचे साहित्य आहे. मुलाने चित्र पाहून स्वतःच्या भाषेत बोलावे, अशी त्यामागची दृष्टी आहे. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी देण्यात आला. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. त्यानेही अनेक नामवंत चित्रकारांचे काम ग्रामीण भागातील घराघरांत पोहोचविले.

असे असले तरी चित्रकाराच्या श्रेयाचा प्रश्न शिल्लक राहतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्र ही स्वतंत्र कलाकृती असून चित्रकार तिचा कर्ता आहे. व्यवहारात मात्र पुष्कळदा लेखकाला विक्रीच्या प्रमाणात मानधन आणि चित्रकाराला एकरकमी मोबदला अशी विभागणी होते. कित्येकदा मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव नसते. सुमीच्या पुस्तकात करडू चित्रकाराने आणलेले असेल, तर त्या कथेचा अर्धा कर्ता तोच आहे. पण ग्रंथालयाच्या नोंदीत त्याचा मागमूस राहत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्काराने १९६६ पासून चित्रकारांसाठी स्वतंत्र सन्मान सुरू केला. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या बिग लिटल बुक ॲवॉर्डमध्येही चित्रकाराचा स्वतंत्र विचार झाला. पहिल्या वर्षी लेखनासाठी माधुरी पुरंदरे व चित्रांसाठी अतनू राय यांची निवड झाली होती.

हा प्रश्न केवळ मानधनाचा नाही. ज्या घरात पहिल्यांदाच पुस्तक येत आहे किंवा ज्या घरात भिली, कोरकू, गोंडी, वारली बोलली जाते, तेथील मुलाला प्रमाण मराठीचे वाक्य परके वाटू शकते. चित्रातील करडू मात्र त्याच्या ओळखीचे असते. त्याला ते स्वतःच्या बोलीत सांगता येते आणि तेथून पुस्तकाच्या भाषेकडे येता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. या टप्प्यावर वाईट चित्राचे पुस्तक हाती पडले, तर मुलाचा पुस्तकात शिरण्याचा मार्गच बंद होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. चित्रपुस्तकाची संहिता स्वयंपूर्ण नसते. तिचे मोठेपण तिने काय वगळले यावरही अवलंबून असते. म्हणून तिचे परीक्षण चित्रे व पानरचना यांसह व्हायला हवे.

२. बीज, संहिता, आराखडा, डमी, अंतिम चित्रे, अक्षरजुळणी व मुद्रण हे टप्पे एकापाठोपाठ येत असले तरी परस्परांवर परिणाम करतात. पुढच्या टप्प्यावरील अडचण मागच्या टप्प्यावरील कल्पना बदलू शकते. किड्याचा सुरवंट झाला किंवा घोड्यांच्या जागी काल्पनिक प्राणी आले ते याच रीतीने.

३. चित्रकार हा चित्रपुस्तकाचा सहकर्ता आहे. मुखपृष्ठ, ग्रंथालयीन नोंद, संशोधनप्रबंधातील ग्रंथसूची या सर्व ठिकाणी लेखकाबरोबर त्याचे नाव असणे आवश्यक आहे.

४. पदवी व पदव्युत्तर स्तरावर बालसाहित्य शिकविताना एक तरी चित्रपुस्तक वर्गात प्रत्यक्ष पाने उलटून वाचले जावे. विद्यार्थ्यांनी १६ पानांची डमी तयार करून ती जवळच्या अंगणवाडीत किंवा प्राथमिक शाळेत वाचून पाहिल्यास, वगळणे म्हणजे काय याचा त्यांना थेट प्रत्यय येईल. मराठी विभाग, शिक्षणशास्त्र विभाग आणि परिसरातील कलामहाविद्यालय यांना हा उपक्रम एकत्र राबविता येईल. त्यासाठी कोरे कागद, टाचणी यंत्र आणि ऐकायला बसलेली मुले एवढी सामग्री पुरेशी आहे.

बालवाचक हा पुस्तकाचे परीक्षण लिहीत नाही. आवडलेले पुस्तक तो पुन्हा मागतो व न आवडलेले बाजूला सारतो. त्याचा हा निर्णय बऱ्याच अंशी चित्र पाहून झालेला असतो. बालसाहित्याच्या अभ्यासकाने त्या निर्णयामागची कारणे समजून घ्यायची असतील, तर त्यालाही शब्दांबरोबर चित्र वाचावयास शिकावे लागेल.